बसने जाणारे काका

लोकांना पेनकिलरचं व्यसन लावल्याबद्दल औषध कंपन्यांना भरावी लागलेली भरपाई इथे अमेरिकेत, आमच्या भागात, एक कौन्सिल व्यसनमुक्तीच्या कामांना वाटतं. त्यावर एक मराठी काका आहेत. घरी दोन गाड्या, पण कुणाचा अर्ज आला की ती जागा बघायला बसनेच जाणार. "व्यसनात लायसन्स गेलेला माणूस काय ड्राइव्ह करत येणार आहे?"

गेल्या वर्षी आमच्या उपचार केंद्राचा अर्ज त्यांनी भर मीटिंगमध्ये परत केला. बूट चिखलाने माखलेले. मला हळूच मराठीत म्हणाले, "स्टॉपपासून पाऊण तास चाललो, बाळा." राग आला, पण लाजही वाटली.

यंदा आम्ही स्टॉपसमोरच जागा घेतली. अर्जात पहिल्याच ओळीत बसचा नंबर लिहिला. काकांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "रविवारी असते का?"