एकदा दाबलं की हळू

आमच्या शेजारच्या गिरणीवाल्या काकांसारखा दणदणीत आवाज अख्ख्या पनवेलात कुणाचा नव्हता. फक्त तो त्यांच्या ताब्यात नव्हता, एवढंच. भाताच्या गिरणीत इंजिनापाशी पंचवीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? इंजिन धडधडू लागलं की काकांचा आवाज आपोआप चढे, ते थांबलं की आपोआप उतरे. पुढे कानच गेले, तेव्हा आपला आवाज चढलाय की उतरलाय, हेच त्यांना कळेनासं झालं. देवळात शेजाऱ्याच्या कानाशी लागून ते विचारत, "परसाद कवा देतील?" आणि तिकडे बुवांचं कीर्तन थांबे.

शेवटी त्यांच्या लेकीनं, गोदीनं, यावर तोड काढली. ती बापाचं मनगट धरून बसे. एकदा दाबलं की हळू, दोनदा दाबलं की जरा मोठ्यानं. मी चिडवायचो, "गोदे, हा रेडिओ तुझ्याशिवाय कुणाला लावता येत नाही बघ!"

पण गोदीला बघायला पाहुणे आले, तेव्हा ती पाटावर आणि काकांचं मनगट मोकळं. शेजारी मीच होतो, पण मला मेल्याला पोह्यांतून डोकं वर काढायला सवड कुठली! काका माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "पोरगा बरा हाय, पन नाकानं आख्खा चेहरा खाल्लाय!" मुलाच्या बापानं बशी खाली ठेवली ती ठेवलीच. स्थळ गेलं. काका महिनाभर गिरणीतसुद्धा हातवाऱ्यांवर भागवत होते. "माज्या तोंडानं पोरीचं वाटोलं केलं," असं एकदाच म्हणाले, तेही आळीभर ऐकू गेलं. त्या दिवशी पुढे आलेली पोह्यांची बशी मी तशीच परत केली.

पुढच्या वर्षी उरणच्या मुलाशी जमलं. लग्नभर काकांनी तोंड उघडलं नाही. पाठवणीला गोदी टांग्यात बसली, तेव्हा मात्र त्यांनी मनगट तिच्यापुढे केलं. तिच्या दोन्ही हातांत ओटीचा नारळ आणि तांदूळ. काका तसेच बोलू लागले. ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते, पण लगतच उभ्या असलेल्या मलाही एक अक्षर ऐकू आलं नाही.

"बाबा, मोठ्यानं बोला ना!" गोदी रडत ओरडली. ते त्यांना कुठलं ऐकू जायला! टांगा निघाला.

काका माझ्याकडे वळले. ओठांवरूनच मला समजलं, "आज लय मोठ्यानं नाय ना बोललो?"

मी त्यांचं मनगट हातात घेतलं. दोनदा दाबायचा धीर मला झाला नाही.