देव नसलेल्या घरातला नाताळ

नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक घर सोडलं तर प्रत्येक घरात कुठला ना कुठला देव होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मग्रंथातली वचनं ठेवलेली डबी, ठोकलेली असायची आणि येता-जाता तिला हात लावून आम्ही बोटं ओठांशी नेत असू. वरच्या मजल्यावर अरुंधती आणि इंद्रजीत राहायचे. त्यांच्या दारावर नुसती नावाची पाटी होती. दोघांनी रजिस्टर लग्न केलेलं. घरात देव्हारा नाही, गणपती नाही, मुलगी मिताली झाली तेव्हा बारसंसुद्धा नाही. अरुंधती माझ्याच शाळेत विज्ञान शिकवायची, मी भूगोल. इंद्रजीत मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. सहा-आठ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी.

आणि त्या घरात दर वर्षी नाताळ व्हायचा.

इंद्रजीतने ती सवय जहाजावरून आणली होती. तिथे पंचवीस डिसेंबरला कॅप्टन आणि ऑफिसर लोक खलाशांना वाढतात, त्यांची ताटं उचलतात. कोण कुठल्या धर्माचा हे त्या दिवशी कुणी बघत नाही, असं तो सांगायचा. म्हणून घरीही त्या दिवशी स्वयंपाक तो स्वतः करायचा. मटाराचा पुलाव, कारण तो सगळ्यांना चालतो. कुकरमध्ये वाळू घालून भाजलेला, बिनअंड्याचा केक. गॅलरीत कागदाची चांदणी, आत बल्ब. बिल्डिंगमधले सगळे जेवायला, अगदी जिना झाडणारी बाईसुद्धा, आणि वाढायला इंद्रजीत. तो समुद्रावर असला की हे सगळं अरुंधती करायची.

त्याची आई, रमाकाकू, जुन्या पनवेलमध्ये राहायच्या. त्या यायच्या, पण जेवायच्या नाहीत. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गणपती चालत नाही, मग येशू कसा चालतो?"

इंद्रजीत म्हणाला, "येशूही नाही, आई. जेवण आहे."

अरुंधतीने मला नंतर तिचं कारण सांगितलं. लहानपणापासून प्रत्येक सणाला तिला कुणीतरी काहीतरी करायला लावलं होतं. हे वाहा, हे शिवू नको, हे माग. नाताळ तिला कुणी शिकवलाच नव्हता. त्यात मागायचं काही नव्हतं, म्हणून तो तिला आपला वाटायचा. मला ते पुरतं पटलं नाही. देव नसेल तर सण कसला, असं मला वाटायचं. पण मी दर वर्षी जेवून यायचे.

त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यात इंद्रजीतचं जहाज आफ्रिकेच्या टोकाशी असताना बेपत्ता झालं. लोखंडाचं खनिज भरलेलं होतं आणि समुद्र खवळलेला होता, एवढंच कळलं. कंपनीच्या माणसाने आधी संपर्क तुटल्याचं सांगितलं. मग शोध सुरू असल्याचं. मग शोध थांबवल्याचं. सापडलं काहीच नाही. ना माणूस, ना होडी, ना फळकूट.

अरुंधती दर आठवड्याला एसटीने मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जायची आणि तेच ऐकून परत यायची. शाळेत ती शिकवायची, पण फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबायची. रमाकाकू घर बंद करून तिच्याकडे राहायला आल्या. त्यांनी देवीला नवस बोलला होता, उपास धरले होते. मुलगा गेला हे त्यांनाही मान्य नव्हतं. त्या सुनेच्या मागे लागल्या की तू मानत नाहीस हे ठाऊक आहे, पण आपल्या माणसासाठी एकदा तरी हात जोड. अरुंधतीला ते जमेना. हात जोडले तर ते खोटे असतील आणि खोट्याने तो कसा येईल, असं ती म्हणायची. काकू भिंतीकडे तोंड करून रडायच्या. मिताली तेव्हा दहा वर्षांची होती. ती दोघींच्या मध्ये अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही.

दिवाळी कुणीच केली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वर गेले, तर अरुंधती गॅलरीत स्टुलावर उभी होती. चांदणी बांधत होती. नाताळाला महिना होता.

मी विचारलं, आत्तापासून? ती उतरली नाही. म्हणाली, "दिना, मी नवस केलाय."

"कुणाला?"

"तेच कळत नाही. कुणी नाहीच आहे ना. पण सगळं तसंच केलं, पुलाव, केक, सगळी माणसं, तर तो येईल असं मी ठरवून बसलेय. बल्ब पहिल्या खटक्याला लागला तर तो जिवंत आहे, असं म्हणून बटण दाबते. वर्गात पोरांना मी काय शिकवते आणि घरी येऊन काय करते!"

मी देव मानणारी बाई. तिच्या तोंडून प्रार्थना निघाली याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. प्रार्थना करणाऱ्याला ऐकणारा कुणीतरी आहे एवढा तरी आधार असतो. तिला तोही नव्हता.

त्या वर्षी नाताळ शनिवारी आला. आमचा शब्बाथ, त्या दिवशी आम्ही विस्तव पेटवत नाही, म्हणून मी तिला स्वयंपाकात मदत करू शकले नाही. नुसती तिच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. तिने सगळं अगदी त्याच्यासारखं केलं. लोक आले, पण दयेपोटी, आणि मान खाली घालून जेवले. एक ताट वाढून ठेवलेलं होतं. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची, आणि ती बघते म्हणून आम्हीही बघायचो.

मग रमाकाकू आतून आल्या. त्या घरच्या नाताळाला इतक्या वर्षांत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्या दिवशी त्या सोवळ्याचं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन आल्या आणि चांदणीकडे बघत सुनेला हळूच म्हणाल्या, "अरू, ह्याला काय वाहायचं असतं? मला सांग. मी करते."

अरुंधती म्हणाली, "काही नाही, आई. तिथे कुणी नाही." आणि ती खाली बसली. भाताचा डाव तिच्या हातातच होता. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कुणाचा ऐकला नव्हता. मितालीला मी उचलून खाली आमच्या घरी आणलं.

पुढच्या वर्षी कंपनीने सगळ्यांना मृत धरलं. रमाकाकूंनी गाढी नदीच्या काठी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देववला. अरुंधती तिथे शेवटपर्यंत उभी राहिली, हात मात्र जोडले नाहीत. त्यावरून कुणी तिला बोललं नाही.

डिसेंबर आला तेव्हा मितालीने नाताळाचं विचारलं. अरुंधती नाही म्हणाली. मिताली भांडली. बाबांचं एवढंच राहिलंय आणि तेही तू काढून घेतेस, असं म्हणाली. अरुंधतीने तिला समजावलं नाही. मला मात्र सांगितलं, "त्यात काही मागायचं नव्हतं, म्हणून तो आमचा होता. मीच त्यात मागितलं. आता चांदणी लावली की मी परत मागणार. मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, माग ना, मागितल्याने काय बिघडतं? ती म्हणाली, "तुला उत्तर आलं नाही तरी देव उरतो. मला काय उरतं?"



मिताली नंतर मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये जायला लागली. अरुंधतीने तिला अडवलं नाही आणि काय बघितलंस असं विचारलंही नाही. आम्ही इस्राएलला जायची तयारी करत होतो त्या वर्षी, पंचवीस तारखेला, मी निरोप घ्यायला म्हणून वर गेले. मिताली घरी नव्हती. सासू-सुना जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली आणि मीही सोलायला लागले.

सोलता सोलता काकूंनी विचारलं, "आज पंचवीस ना गं?"

"हो," अरुंधती म्हणाली.

"मग आता ह्या दिवसाचं काय करायचं आपण?"

अरुंधतीने हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी घेतली. दुपार अजून पुष्कळ उरली होती.