आईच्या किडनीबरोबर आलेलं

वाल्मीक सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डर होता. २००३ साली त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा त्याच्या आईनं, कुसाबाईनं, आपली एक दिली. ऑपरेशन चांगलं झालं. पण सहा-सात महिन्यांनी त्याला ताप येऊ लागला आणि उजव्या डोळ्यानं धुरकट दिसू लागलं.

रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तात एक विषाणू सापडलाय. तो पुष्कळांच्या अंगात निजून असतो, त्रास देत नाही. वाल्मीकच्या अंगात तो नव्हता, किडनीबरोबर आला. किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी वाल्मीकची प्रतिकारशक्ती कमी झालीय, म्हणून तो जागा झाला."

"म्हंजी माझ्यातूनच गेला का?" कुसाबाईनं विचारलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

इंजेक्शनांनी ताप उतरला, किडनी वाचली, डोळा मात्र गेला. वेल्डिंगही सुटलं.

"आई, तू दिली नसती तर मी जगलोच नसतो," वाल्मीक म्हणायचा. पण आपल्या हातून आणखी काही जाऊ नये म्हणून त्याला जेवायला वाढायचं तिनं सुनेवर सोपवलं. दर महिन्याच्या तपासणीला मात्र ती बरोबर जायची आणि रक्त घेणाऱ्या बाईला हळूच विचारायची, "माझ्यातून गेलेलं परत वर तर नाय ना आलं?"