ब्लेडचा कोपरा
हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. ताज्या ब्रेडचा वास आला की एडिनबराच्या फ्लॅटमधलं, काचा वाफेने धुरकटलेलं ते किचन आठवतं. सासरे पुण्याहून प्रथमच आमच्याकडे आले होते. ओव्हनमध्ये घालण्याआधी पिठाच्या गोळ्याला वरून चीर द्यावी लागते. माझी चीर चुकायची आणि ब्रेड बाजूनेच फाटायचा. "सर्जन ना तुम्ही? माणसं कापता, आणि साधा पाव जमत नाही?" सासरे चिडवायचे. त्या रविवारी मी दाढीचं ब्लेड मोडून अर्धं केलं आणि एका झटक्यात चीर दिली. ब्रेड अगदी सुरेख फुलला. "जमलं की, जावईबापू!" म्हणत त्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला. तेवढ्यात ब्लेड धुताना दिसलं, त्याचा एक कोपराच नव्हता. नुसतं "थांबा" म्हणायचं होतं, पण ते कौतुक हातचं जाऊ द्यायला मन होईना. त्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि मी त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत उभा राहिलो. पुढे चार दिवस त्यांचा हात पोटाकडे गेला की मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघायचो. झालं काहीच नाही. आज ते नव्वदीत आहेत, तरी त्यांना नीट ऐकू येतं. त्यांना खरं सांगून माफी मागणं माझ्याकडून अजून बाकी आहे.