कडी नसलेलं दार

अण्णा गेल्याचा निरोप त्याच्या कॉलेजचा शिपाई घेऊन आला. "शिकवता शिकवता खाली बसले ते उठलेच न्हाईत, अक्का," एवढंच तो बोलला. मला रडू आलं नाही, भीती वाटली. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, आणि अण्णाला, माझ्या भावाला, सगळ्यात जास्त भय त्याचंच होतं...

तळ्यात पोहायला शिकलेला हा सोलापूरकर हौसेनं नौदलाच्या राखीव दलात शिरला, तेव्हा आम्ही त्याची भरपूर थट्टा केली. इथं नळाला पाणी नाही आणि हा निघाला बोटी चालवायला. पण इंजिनाचं त्याला वेडच होतं. एकाहत्तरच्या लढाईत त्याला बोलावणं आलं, तशी थट्टा थांबली. रेडिओवर बातम्या लागल्या की वहिनी स्वयंपाकघरात निघून जायची. मी ऐकायची आणि तिला नुसती मान हलवून सांगायची.

तो धडधाकट परतला. आल्या आल्या खोलीच्या दाराची कडी उपटून काढली आणि नौदलातला जाड बूट दाराला अडकण लावला. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मग एकदा चहा निवत ठेवून तोच बोलला. धोक्याची घंटा झाली की इंजिनखोलीची झाकणं वरून बंद व्हायची, एक भाग बुडाला तरी बोट वाचावी म्हणून. खाली तो आणि त्याची माणसं.

"आमच्यावर काई पडलं न्हाई गं. नुसती झाकणं बंद झाली. कुणीतरी आईला 'अव्वा, अव्वा' म्हणून हाका मारत होतं... लई वेळानं कळलं, मीच मारत होतो." मग हळूच म्हणाला, "मला मातीत घालू नका."

घरी पोचले तर विधीसाठी मठाचे स्वामी आले होते आणि काकांनी खड्डा घ्यायला माणसं धाडली होती. काकांसमोर कधी मान वर न केलेली वहिनीच उठली. "काका, ह्यांना अग्नी द्यायचा हाय."

"येडी झालीस व्हय? आपल्यात कुणी दिलाय?"

"इतकी वर्षं दार उघडं टाकून निजलेत. त्यांच्यावर माती लोटू देणार न्हाई मी."

काका कडीच्या जागी राहिलेल्या भोकांकडं बघत राहिले. शेवटी स्वामीच म्हणाले, "खड्ड्यावरची माणसं माघारी बोलवा."

आज महिना झाला. काल दुपारी त्याच्या खोलीत जरा आडवी झाले. झाडलोट करताना वहिनीनं बूट बाजूला सारला असावा. वाऱ्यानं दार लोटलं गेलं. मी धडपडत उठले, दार उघडलं, बूट पुन्हा अडकवला आणि त्याच्यापाशीच खाली बसून राहिले.