भारा उतरवताना

बातमी सुनंदावहिनींच्या फोनवरून आली. ‘‘हे गेले, भावजी. पहाटे.’’ मी सवयीने विचारलं, कुठे, कशाने... बातमीदाराचेच प्रश्न. त्यांनी उत्तरं दिली, मी ऐकून घेतली आणि खोपोलीहून कर्जतला निघालो. या गोष्टीला महिना उलटला. आत अजून काही हललेलं नाही.

वहिनींचा नवरा दत्ता कळंबजवळच्या शेतकरी घरातला. आमची शाळा एक. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि तो कर्जतच्या कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला. नोकरी नवी असताना एका दुपारी तो बगलेत जाडजूड शब्दकोश घेऊन आमच्या कचेरीत आला. त्याला एक शब्द सापडला होता, ‘थोल’. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या बोलीतला. अर्थ, तक्रार न करता सोसणं. त्याचं मूळ फार जुनं, उचलणं किंवा पेलणं या अर्थाचं. संस्कृतातली तुला, म्हणजे तराजू, त्याच कुळातली, आणि आपलं तोलणंही. कळंबच्या बाया ओझं पेलत नसलं की ‘तोलत नाय’ म्हणतात, ते हेच. हे छाप, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हणालो, ही बातमी होत नाही. ‘‘माझी आय इंग्लंडवाल्यांची नातेवाईक निघाली, ही बातमी नाय?’’ तो म्हणाला. कचेरी हसली.

त्या शब्दाबरोबर तो दरवर्षी वर्गात एक गोष्ट सांगायचा. कापणीच्या दिवसांत आई त्याला भाताचा भारा डोक्यावर देई. पिकलेला भारा खाली टाकायचा नसतो, दाणे झडतात. खळ्यावर पोचलं की भारा डोक्यावर ठेवून उभं राहायचं आणि उतरवायला घरच्या कुणाला तरी हाक मारायची. दत्ताने एकदा हाक मारली नाही. मान अवघडली आणि भारा धाडकन पडला. आईने त्याला मातीतून दाणे वेचायला बसवलं. ‘‘हात लावा म्हनायला लाज वाटली व्हय रं, मास्तर?’’ मास्तर हे नाव तेव्हापासूनचं. गोष्ट सांगताना तो आईचा आवाज हुबेहूब काढायचा. घरी मात्र त्याने गावची बोली कधी आणली नाही. वहिनी कर्जतच्या, शिक्षकांच्या घरातल्या.

पोटातली गाठ त्याला कित्येक महिने ठाऊक होती. तपासण्यांना तो पनवेलला एकटा जायचा. घरी सांगायचा, कळंबच्या रिसॉर्टवरच्या पोरांना इंग्रजी शिकवायला जातोय. आठवड्यातून एकदा आम्ही चहाला भेटत होतो. त्याने विषय काढला नाही, मलाही दिसलं नाही. शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हाच सगळ्यांना कळलं.

तेराव्याला वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. ‘‘तुम्हाला तरी सांगितलं होतं का?’’ मी नाही म्हणालो. ‘‘खरं सांगा.’’ खरंच नाही, म्हणालो. त्यांना हायसं वाटलं की आणखी वाईट वाटलं, चेहऱ्यावरून समजलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. त्याच्या खोलीत बसलो होतो. त्या हळूहळू बोलू लागल्या. अंथरूण धरायच्या आदल्या संध्याकाळी तो याच टेबलापाशी बसला होता. उठायला गेला आणि उठवेना. ‘‘मला म्हणाले, सुनंदा, हात लाव गं. आता तोलत नाय.’’ वहिनी टेबलाकडे बघत म्हणाल्या, ‘‘त्यांच्या तोंडून ‘नाय’ मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, थट्टा करतायत. मी हसत हात दिला... मग खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं.’’

मी त्यांना भाऱ्याची गोष्ट सांगितली. वर्गातल्या सगळ्या पोरांना पाठ असलेली ती गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती. दाण्यांपर्यंत आलो तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

‘‘म्हणजे हाक मला मारली,’’ त्या म्हणाल्या.

हो, म्हणालो.

शब्दकोश कपाटावर होता. त्यांना तो आता टेबलावर हवा होता. स्टुलावर चढून त्यांनी तो कडेपर्यंत ओढला आणि तिथेच थांबल्या.

‘‘भावजी, हात लावा जरा. एकटीला नाही तोलत.’’

एक बाजू मी धरली. आम्ही तो हळूच खाली ठेवला.