जमीन मत देत नाही

आमचा मामा एका वर्तमानपत्रात नकाशे काढतो. निवडणूक आली की त्याला कोण आनंद! कुठल्या वस्तीनं कुणाला कौल दिला, हे रंगवून दाखवणं हे त्याचं काम. आणि ते रंग बघून लोक कसे फसतात, हे सांगत सुटणं हा त्याचा छंद. "जमीन मत देत नाही, माणसं देतात," हे त्याचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. चार घरांचं मोठं माळरान रंगवलं की नकाशाभर तोच रंग दिसतो आणि दाटीवाटीच्या वस्त्या वाटाण्याएवढ्या उरतात. म्हणून रंग भरूच नयेत, मतांच्या प्रमाणात लहानमोठी वर्तुळं काढावीत, असा त्याचा दर निवडणुकीचा हट्ट. आणि संपादकबाईंचं दर वेळचं उत्तर, "लोकांना रंग कळतो, वर्तुळं नाही कळत."

या खेपेला पालिकेच्या निवडणुकीत आमची मामीच अपक्ष उभी राहिली. मामी निवृत्त नर्स. अख्ख्या प्रभागाला सुया टोचून झालेल्या, तेव्हा मतं कुठे जातात, असा तिचा हिशेब. "तू पडशील," असं मामानं तिला आकडेवारीनिशी समजावलं आणि त्यानंतर बरेच दिवस स्वतःचा चहा स्वतः केला.

मामी पडली, आणि चांगलीच पडली. आमच्या गल्लीनंसुद्धा तिला मतं दिली नाहीत, कारण गल्ली तिला ओळखून होती. फक्त तळ्याकाठच्या केंद्रावर ती पहिली आली. तिकडे बस जात नाही, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांची मलमपट्टी करायला ती पायी जायची. पण तिथे घरं मोजकीच. बाकी तळं, गवत आणि बदकं.

निकाल लागल्यापासून मामीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. जेवण वाढायची आणि खोलीत जाऊन बसायची. मी त्यांच्याकडेच राहते, पण इतकी गप्प मामी कधी पाहिली नव्हती. मला ते मुळीच आवडलं नाही. मामाला तर घास गिळवेना.

नेमकं तेव्हाच संपादकबाईंनी त्याला बोलावलं. "पटलं तुमचं. या वेळी वर्तुळं काढा."

वर्तुळं काढली, तर मामीचा ठिपका शोधायला भिंग लागणार. रंग भरला, तर तळ्यासकट प्रभागाचा तिसरा हिस्सा तिचा. मामा डोकं खाजवत बसला आणि शेवटी म्हणाला, "राहू द्या बाई. वर्तुळं लोकांना कळत नाहीत."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सकाळी त्यानं पेपर मामीच्या पुढ्यात चुकून राहिल्यासारखा ठेवला. मामीनं चष्मा लावला.

"हा जांभळा कुणाचा?"

"तुझा."

"एवढा?"

मामा छताकडे बघू लागला. मामीनं तळ्यावरून बोट फिरवलं. "बदकांनीपण दिलेली दिसतायत मतं." ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"जन्मभराचा हेका सोडलात की हो माझ्यासाठी."

"छपाईची अडचण होती," मामा म्हणाला.

"असेल, असेल." तिनं पेपरची नीट घडी घातली. "पुढच्या वेळी मात्र वर्तुळंच काढा. माझं मोठं कसं करायचं, ते माझं मी बघते."

आणि चपला घालून ती बाहेर पडली. सगळ्यात आधी आमच्याच गल्लीत.